आमेनच्या आधी

आमच्या बाई प्रार्थनेला बसल्या की त्या देवाकडे काही मागताहेत असं वाटायचं नाही. त्याला कामं नेमून देताहेत असं वाटायचं. "हे प्रभू, सरलाच्या आईच्या गुडघ्याचं तेवढं बघ. मागच्या गुरुवारीही सांगितलं होतं. अजून फरक दिसत नाही." त्यात उद्धटपणा नव्हता. घरातल्या जुन्या बाईनं यजमानांना बाजारातून काय आणायचं राहिलंय त्याची आठवण द्यावी, तेवढ्याच हक्कानं आणि तेवढ्याच निराशेनं त्या बोलत.

परळ नाक्यावरून लालबागकडे निघालं की डाव्या हाताच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर बाईंची खोली होती. बाई मिशनच्या बायबलबाई. म्हणजे चाळीचाळींतून फिरायचं, बायकांना येशूचं शुभवर्तमान सांगायचं, कुणाला वाचायला शिकवायचं, कुणाच्या आजारपणात उशाशी बसायचं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. मग मिशननं त्यांना निवृत्त केलं. ही गोष्ट त्यांना रीतसर कळवण्यात आली होती, पण त्यांनी ती मनावर घेतली नव्हती. चर्चचे पाळकसाहेब एकदा समजूत घालायला म्हणाले, "बाई, आता जरा विश्रांती घ्या." बाईंनी विचारलं, "कशापासून?" आणि बाई दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे डिलाईल रोडच्या चाळींकडे निघाल्या.

अंगावर पांढरं लुगडं, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि पायांत पुरुषी चपला. बायकांच्या चपला चालण्यासाठी केलेल्याच नसतात, दाराशी काढून ठेवण्यासाठी केलेल्या असतात, असं त्यांचं मत होतं. आम्ही मुली त्यांना वाटेत भेटलो आणि "सलाम, बाई" म्हटलं की त्या "सलाम" म्हणायच्या आणि लगेच खालपासून वरपर्यंत बघायच्या. त्या नजरेतून पदराची पिनसुद्धा सुटत नसे.

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीत तरुण मुलींचा वर्ग भरे. मी तेव्हा परळच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकत होते, तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत होते. नगरकडच्या खेड्यातून आले होते आणि वडिलांनी मला येतानाच बाईंच्या ताब्यात दिलं होतं. सरला शाळेत शिकवायची. रूथ टेलिफोनवर होती. आणखी मुली येत, जात, लग्न करून सुटत. आम्ही तिघी मात्र कायमच्या.

बाईंच्या वर्गात गाणं होई, शास्त्रातला एखादा भाग वाचून होई, पण खरं शिक्षण असे तोंडानं प्रार्थना करण्याचं. आमच्यात प्रार्थना वाचून दाखवत नाहीत. डोळे मिटायचे, आणि ज्याच्यावर पाळी येईल त्यानं आपल्या शब्दांत, मोठ्यानं, सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं आणि शेवटी आमेन म्हणायचं. मध्ये बोलायचं नाही. घराला आग लागली तरी आमेन होईपर्यंत थांबावं, अशी शिकवण. आणि आमेन म्हणजे काय, तर बाईंच्या शब्दांत, "अंगठा उठवणं. एकदा उठवला की उठवला."

प्रार्थना किती वेळ चालावी, याचं बाईंचं माप वेगळं होतं. त्या वातीच्या स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत आणि म्हणत, "चल, सुरू कर." आधण येईपर्यंत प्रार्थना थांबता कामा नये. जिला लवकर संपवायची सवय, तिच्या पाळीला वात हळूच खाली गेलेली असायची. मला चार वाक्यांच्या पुढे काही सुचत नसे. मग मी आजाऱ्यांसाठी मागायची, प्रवाशांसाठी मागायची, समुद्रावरच्या खलाशांसाठी मागायची, आणि आधण काही येत नसे. परळच्या त्या खोलीतून मी अख्ख्या जगाचं कल्याण चिंतलं, त्याचं श्रेय त्या वातीला आहे. रूथ मात्र टेलिफोनवर बोलावं तशी थोडक्यात आणि स्पष्ट प्रार्थना करून मोकळी व्हायची. तिच्या पाळीचा चहा आम्हाला कोमटच मिळे. सरलाला हटकून रडू यायचं. बाई तिला म्हणायच्या, "रडून मागू नकोस. रडणाऱ्याला माणसं देतात. देव रडणं संपायची वाट बघतो." लग्नाबद्दलही त्यांचा उपदेश ठरलेला होता. "नवरा मिळावा म्हणून प्रार्थना करू नका. तो तसाही मिळतो. मिळाल्यावर करा."

बाईंची स्वतःची प्रार्थना मात्र आधण येऊन, चहा होऊन, गाळून झाला तरी चालू असे. आमची खरी झाडाझडती त्यात व्हायची. समोरासमोर त्या कुणाला फारसं बोलत नसत. "हे कृपाळू पित्या," त्या सुरू करत, "तुझी एक लेक आहे. नाव घेत नाही, तुला ठाऊकच आहे, निळ्या साडीत बसली आहे. ती गेल्या रविवारी उपासना चुकवून मॅटिनीला गेली. बरोबर कोण होतं ते तू पाहिलंच आहेस. तिला क्षमा कर आणि त्यालाही जरा कामधंदा दे." निळ्या साडीतली रूथ मिटल्या डोळ्यांनी लालबुंद होत असे. पण बोलणार काय? प्रार्थना चालू होती. आणि शेवटी आमेनही तिनं म्हणायचंच होतं.

शेजारच्या खोलीत मालवणकडच्या एक काकी राहत. त्यांचे यजमान गिरणीत होते, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला गुरुवारची ही गर्जना फार जड जाई. एकदा काकी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाईनू, तुमचो देव बैरो आसा काय? इतक्या मोठ्यान कित्याक सांगूचा लागता?"

"देव नाही हो बहिरा, काकी," बाई म्हणाल्या, "या मुली बहिऱ्या आहेत."

काकींना हे पटलं. त्यांनाही तीन सुना होत्या.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तशी गुरुवारांनाही तिची धग लागली. खालून मोर्चे जात. एका संध्याकाळी बाई नेहमीच्या जोरात होत्या. "हे प्रभू, गरिबाला न्याय मिळाला पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि त्याच क्षणी खालच्या रस्त्यावरून शेकडो गळ्यांतून आलं, "झालाच पाहिजे!" बाईंनी आवाज आणखी चढवला. मग पुढे म्हणाल्या, "उपाशी राहतो त्याला भाकरी मिळाली पाहिजे." खालून पुन्हा, "झालाच पाहिजे!" सरलाला हसू आवरेना, तिनं तोंडात पदर कोंबला. प्रार्थना संपल्यावर बाई आम्हालाच रागावल्या. "ऐकलंत? याला आमेन म्हणतात. तुमचं घशाच्या बाहेर येत नाही."

आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, एक पंच सरकारी कचेरीत होते. बाई प्रार्थनेत चळवळ आणतात, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. ते मुद्दाम जिना चढून आले. "बाई, आपण अल्पसंख्य लोक. सरकारविरुद्ध प्रार्थना बरी नव्हे."

"विरुद्ध कुठे करते? सरकारसाठीच करते. त्यांना सद्बुद्धी दे म्हणते."

"पण त्याचा अर्थ..."

"त्यांना सद्बुद्धी नाही, हा अर्थ तुम्ही काढलात. मी नाही हो." आणि बाईंनी त्यांना चहा दिला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण त्या हिवाळ्यात शहरात गोळीबार सुरू झाला आणि माझं हसू गेलं. इस्पितळात अश्रुधुरानं डोळे सुजलेली माणसं येऊ लागली, मग लाठीनं डोकी फुटलेली, मग गोळ्या लागलेली. कॅज्युअल्टीत फरशीवर गाद्या टाकल्या होत्या. काळाचौकीच्या एका तरुण गिरणी कामगाराच्या मांडीतून गोळी आरपार गेली होती. मी त्याचा पाय धरून उभी होते, आणि तो "आये, आये" करत होता. माझ्या हातातला ट्रे पडला. सिस्टर माझ्यावर ओरडल्या आणि त्यांनी मला बाहेर काढलं. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. मला फार भीती वाटली. लाज वाटली नाही, नुसती भीती वाटली. त्या दिवसापासून माझी झोप गेली आणि जेवणाचा वास सहन होईना.

आमच्या गावाकडची एक नर्स रजेवर चालली होती. तिच्याबरोबर मी घरी निरोप पाठवला, मला न्यायला या. बाईंना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. भीती वाटते म्हणून बाईंना सांगायचं, म्हणजे त्यांनी आधण ठेवून "चल, सुरू कर" म्हणायचं. ते त्या दिवसांत माझ्याच्यानं झालं नसतं.

बाबा आले. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते; गावात त्यांच्या शब्दाला वजन, पण मुंबईत आले की रस्ता ओलांडायलासुद्धा त्यांना सोबत लागे. ते दादरला काकांकडे उतरले आणि संध्याकाळी मला घेऊन बाईंचा निरोप घ्यायला आले. त्यांनी माझ्या निरोपाचा उल्लेख केला नाही. पोरीची लाज राखावी म्हणून केला नसणार. ते एवढंच म्हणाले, "हिच्या आईनं अन्न सोडलंय, बाई. उद्या सकाळच्या गाडीनं घेऊन जातो."

बाई काही बोलल्या नाहीत. बाईंनी न बोलणं हे चांगलं लक्षण नव्हे, हे मला कळायला हवं होतं. पण मी मनातून गावी पोचले होते.

चहा झाला. प्रवासाला निघण्यापूर्वी प्रार्थना करायची ही आमची रीत. बाबाच म्हणाले, "बाई, प्रवासासाठी प्रार्थना करा." बाईंना ओळखणाऱ्या कुणीही ही चूक केली नसती.

आम्ही डोळे मिटले.

"हे प्रभू," बाई म्हणाल्या, "आज तुझ्यापुढे एक बाप बसला आहे. गावी याच्या बायकोनं अन्न सोडलं आहे. दुसरा कुणी असता तर मुलीला हाताला धरून घरी घेऊन गेला असता. हा तसा नाही. हा तिला धीर द्यायला आला आहे." बाबांची खुर्ची करकरली. "बाहेर गोळ्या सुटताहेत, माणसं रक्तात पडली आहेत. अशा वेळी त्यांच्या जखमा बांधणारी मुलगी माघारी नेईल असा बाप तू आमच्यात दिला नाहीस, म्हणून तुझे आभार मानतो. आणि ही मुलगी. भल्याभल्यांचे पाय कापतात तिथे ही उभी आहे, आणि शिक्षण पुरं केल्याशिवाय जाणार नाही असा हिनं निश्चय केला आहे. त्याबद्दलही आभार मानतो."

बाई थांबल्या. आमेनची जागा आली.

बाबांनी जन्मभर मुलांना प्रार्थना शिकवली होती. देवाचे आभार मानून झाल्यावर त्यात दुरुस्ती कशी सुचवायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यांचा बारीक आवाज आला, "आमेन." त्यापाठोपाठ माझाही आला. मला म्हणायचं नव्हतं. शिंक यावी तसं ते तोंडातून गेलं.

बाबांनी टोपी घातली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एकटेच दादरला परत गेले. मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आले तेव्हा बाई कपबशा विसळत होत्या. खुशीत होत्या.

"सुटलीस," त्या म्हणाल्या.

"मला जायचं होतं, बाई," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. बाईंच्या खोलीत तो पहिल्यांदाच चढला. "मीच बोलावलं होतं त्यांना. मला भीती वाटते. मी आता आमेन म्हणून बसलेय आणि मला इथं राहायचं नाहीये!"

बाईंनी बशी खाली ठेवली.

"मग बोलली का नाहीस?"

"प्रार्थना चालू होती."

नियम त्यांचाच होता. त्यांनी हात पुसले, खाटेवर बसल्या आणि चष्मा काढला. चष्म्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मला मिशनच्या अनाथाश्रमात सोडलं तेव्हा मी एवढीशी होते," त्या म्हणाल्या. "मोठा दुष्काळ होता गं. आई म्हणाली, सुगी झाली की न्यायला येते. सुगी झाली. आम्ही पोरी फाटकाशी बसायचो. काहींची माणसं आली न्यायला. त्या पोरी जाताना रडायच्या, इथं दोन वेळचं जेवण होतं ना. मला त्यांचा असा राग यायचा! मग मनाशी म्हणायची, बरंच झालं आपलं कुणी आलं नाही ते. नेऊन वाटोळं केलं असतं. ते डोक्यात बसलंय बघ. कुणाच्या पोरीला न्यायला कुणी आलं, की मला वाटतं हिचं नुकसान होणार."

"तुमची आई आली असती तर गेला असतात?"

"पळत गेले असते," बाई म्हणाल्या.

मला त्यांची कीव आली आणि रागही तसाच राहिला. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"उद्या सकाळी ट्रंक भरून ठेव," त्या शेवटी म्हणाल्या. "गाडीच्या आधी दादरला जाऊ. मी घोळ घातलाय, मीच निस्तरते."

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. ट्रामही नव्हती, बसही नव्हती. उजाडताना बाई नर्सेस क्वार्टर्सच्या फाटकात हजर. माझ्या ट्रंकेची एक कडी त्यांनी धरली, दुसरी मी, आणि आम्ही परळहून दादरकडे चालत निघालो. पुरुषी चपलांचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं. नाक्यावर चळवळीच्या पोरांनी अडवलं.

"ओ आजी, कुठं निघालात? आज सगळं बंद आहे."

"माहीत आहे रे. मीपण दुकान बंद करायलाच चाललेय."

पोरांनी हसून वाट दिली. एकानं तर थोडं अंतर ट्रंकही उचलली.

काकांच्या बिऱ्हाडात बाबा पिशवी भरून बसले होते. मला ट्रंकेसकट पाहून ते उभेच राहिले. बाईंनी बसायला नकार दिला.

"मास्तर, काल मी देवापुढे खोटं बोलले. मुलीला न विचारता तिच्या नावानं बोलले, आणि तुमच्याही. ते आमेन तुम्ही मागे घ्या."

बाबा गोंधळले. "आमेन मागे कसं घेतात, बाई? तशी काही रीत आहे का?"

"माझ्या तरी ऐकण्यात नाही."

दोघंही मिशनच्या कामात म्हातारी झालेली माणसं. ती एकमेकांकडे बघत राहिली. काकू चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खोळंबल्या. घरात एवढा मोठा धर्मप्रश्न उभा राहिलेला, त्यात चहा द्यावा की नाही, हे त्यांना कळेना. खाली कुणीतरी घोषणा देत गेलं. शेवटी बाबा माझ्याकडे वळले.

"तुला काय हवंय, बाळ?"

नर्सिंगला जायचं हे बाबांनी आणि पाळकांनी ठरवलं होतं. मुंबईला यायचं हे मिशननं ठरवलं. राहायचं हे काल बाईंनी ठरवलं. मीच न्यायला बोलावलं होतं हे खरं, पण तो निरोप भीतीनं पाठवला होता. म्हणजे तेही भीतीनंच ठरवलं; मी नुसता निरोप सांगितला होता. आता दोन मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी काय म्हणते त्यावर खरोखरच काहीतरी ठरणार होतं.

"राहते," मी म्हटलं. ऐकून मलाच आश्चर्य वाटलं. "पण मला भीती वाटते. ते आधी ऐकून घ्या. मी धीट नाहीये. मला रोज भीती वाटते, आणि ती वाटते असं मी बोलणार."

बाबांनी माझा हात हातात घेतला. "तुझ्या आईला काय सांगू?"

"भीती वाटते म्हणून सांगा. आणि राहिली म्हणून सांगा."

बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंनी मात्र ट्रंकेकडे बघितलं आणि त्यांचा मूळ स्वभाव परत आला. "हे काल सांगायला काय झालं होतं? आता हे धूड परत परळपर्यंत कोण वाहणार?"

ते आम्ही दोघींनीच वाहिलं. क्वार्टर्सच्या फाटकाशी ट्रंक टेकवल्यावर त्या "सलाम" म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्या पदराकडे न बघता वळल्या. मी त्याच दुपारी ड्यूटीवर गेले. काळाचौकीच्या त्या माणसाची मलमपट्टी माझ्याकडे होती. माझे हात कापत होते. मी त्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "माझा पाय पण कापतोय, बाय. घ्या आटपून."

बाई काही एका रात्रीत बदलल्या, असं मी म्हणणार नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी रूथच्या त्या मॅटिनीवाल्या गृहस्थाची प्रभूपुढे सविस्तर चौकशी केली. सरलाच्या आईचा गुडघा अजून तसाच असल्याबद्दल वरपर्यंत तक्रार गेली. मग माझी पाळी आली. मी डोळे गच्च मिटले.

"हे प्रभू, ही तुझी लेक," बाईंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. प्रार्थनेच्या मध्ये बाई कधी थांबल्या नव्हत्या. मी डोळे उघडले. बाई चष्म्यातून सरळ माझ्याकडे बघत होत्या. रूथनंही एक डोळा उघडला होता.

"तुझ्यासाठी काय मागू?" बाईंनी विचारलं.

कुणी असं विचारेल याची तयारीच नव्हती.

"सावकाश सांग," बाई म्हणाल्या. "मी थांबते."

आणि प्रभूला तसंच ताटकळत ठेवून बाई खरोखरच थांबल्या.